तीक्ष्णतेच्या इंग्रजी छटा : शब्दनिवडीविषयी काही सूचना

इंग्रजीतून पत्रव्यवहार करणारा, इंग्रजी मजकुराचे भाषांतर करणारा अथवा कचेरीतील मसुद्यावर इंग्रजीतून शेरा मारणारा मराठी मनुष्य ज्या जागी हमखास अडतो, ती जागा व्याकरणाची क्वचितच असते. काळ, वचन आणि वाक्यरचना यांची शिस्त त्याने शाळेतच बहुतांशी घोटलेली असते, आणि जे विस्मरणात गेले असेल ते कोणतेही बरे व्याकरण उघडून रुजू करून घेता येते. एका दमात पाठ केलेल्या सात-आठ 'समानार्थी' शब्दांतून प्रस्तुत प्रसंगाला लागू पडणारा एकच शब्द उचलायचा असतो, तेव्हा मात्र त्याचा हात थबकतो. तीक्ष्णता दर्शविणारे शब्द या अडचणीचा उत्तम दाखला होत. मराठीत सुरी धारदार असते, काटा अणकुचीदार असतो, मूल तल्लख असते, व्यापारी चाणाक्ष असतो, टोमणा खोचक असतो, थंडी बोचरी असते, मिरची तिखट असते आणि टंचाई तीव्र असते. या विशेषणांची अदलाबदल करून 'चाणाक्ष सुरी' किंवा 'अणकुचीदार टंचाई' असे लिहिण्याची चूक शाळकरी पोरही करणार नाही. परंतु मराठीत इतका चोखंदळ असलेला तोच मनुष्य इंग्रजीत होतकरू विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात 'श्रूड' लिहून मोकळा होतो आणि झणझणीत अग्रलेखाला 'पॉइन्यंट' म्हणतो. शब्दांचे अर्थ त्याला ठाऊक नसतात असे नाही; त्यांचे वतन कोणत्या मुलखात आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचा हा यथामती प्रयत्न आहे.

प्रथम साधनांविषयी दोन शब्द. इंग्रजीतील पर्यायशब्दांचे ग्रंथ दोन जातींचे आहेत. पीटर मार्क रोजे या वैद्यकव्यवसायी विद्वानाने १८५२ साली प्रसिद्ध केलेला 'थिसॉरस' हा पहिल्या जातीचा होय. त्यात शब्द अकारविल्हे लावलेले नसून कल्पनांच्या वर्गवारीने मांडलेले आहेत. जॉर्ज क्रॅब यांचा १८१६ चा पर्यायकोश आणि अमेरिकेत १९४२ साली निघालेला वेब्स्टरचा पर्यायकोश हे दुसऱ्या जातीचे; त्यांत शब्दाशब्दांतील भेद उकलून सांगितलेले असतात. पहिल्या जातीचा ग्रंथ म्हणजे निव्वळ हजेरीपट आहे. कोण कोण उपस्थित आहेत एवढे त्यावरून कळते, कोणाची वर्तणूक कशी आहे ते कळत नाही. ज्याला इंग्रजी मातृभाषेसारखी अवगत आहे आणि विसरलेला शब्द केवळ आठवायचा आहे, त्याला हजेरीपट पुरतो. आपल्यासारख्यांनी दुसऱ्या जातीचा ग्रंथ जवळ बाळगावा हे उत्तम. शिवाय मराठी वाचकाला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने १८४७ साली तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश हे दोन्ही आजही उपकारक आहेत. मोल्सवर्थ एका मराठी शब्दापुढे एक इंग्रजी शब्द ठेवून गप्प बसत नाही, तर अर्थांची फोड करून दाखवितो, आणि त्यामुळे आपल्या कानाला आधीच उमगलेला भेद इंग्रजीत कोठे उतरतो हे ताडून पाहता येते.

कोश उघडण्यापूर्वी, मात्र, लिहिणाराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ही तीक्ष्णता कोणाच्या ठायी आहे : पात्याच्या, टोकाच्या, इंद्रियाच्या, बुद्धीच्या, वाणीच्या, वेदनेच्या की चवीच्या? दुसरा, ती समोरच्यावर कोणती क्रिया करते : कापते, टोचते, चावते की जाळते? तिसरा, ती सांगण्यात आपला कल स्तुतीकडे आहे, निंदेकडे आहे, की नुसत्या नोंदीकडे? पुढील सर्व विवेचन या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने केले आहे.

पाते आणि टोक

या कुळातील मूळपुरुष म्हणजे 'शार्प'. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, अस्सल देशी. जर्मन भाषेतील 'शार्फ' हा त्याचा सख्खा भाऊ. त्याचा अंमल धार आणि टोक या दोहोंवर चालतो : सुरी शार्प, पेन्सिल शार्प, काटा शार्प, दातही शार्प. 'कीन' हा त्याच्याइतकाच जुना, परंतु त्याचा मूळ अर्थ 'शूर' असा होता, आणि जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद अद्याप तोच अर्थ सांभाळून आहे. इंग्रजीत मात्र तो धारेकडे वळला. तरवारीच्या वा वस्तऱ्याच्या धारेला 'कीन' म्हणता येते, आणि तेही काहीशा काव्यमय भाषेत. सुईच्या टोकाला तो शोभत नाही. 'अक्यूट' हा लॅटिनमधून आला. धार किंवा टोक लावणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो निघाला, सुईला लॅटिनमध्ये जो शब्द आहे तोही त्याच कुळातला. आणि तरीही आजच्या इंग्रजीत सुईला अक्यूट म्हणत नाहीत. पदार्थांच्या जगात या शब्दाचे एकच मोठे ठाणे उरले, ते भूमितीत : नव्वद अंशांहून लहान कोन. आपण त्याचे भाषांतर 'लघुकोन' असे केल्यामुळे त्याच्या टोकदारपणाची कल्पना मराठी विद्यार्थ्याच्या मनात उतरतच नाही, आणि पुढे 'अक्यूट' शब्द दुसरीकडे भेटला की त्याला तो अनोळखी वाटतो.

'पॉइंटेड' हा केवळ आकाराचा वाचक आहे. कमान पॉइंटेड असते, दाढी पॉइंटेड असते; ती टोचते असा दावा त्यात नाही. 'सेरेटेड' म्हणजे दातेरी. आपल्या घरातील विळी पाहिली तर हा भेद एका वस्तूवरच स्पष्ट होतो : तिचे वाकडे पाते हे शार्प, आणि टोकाला बसविलेली नारळ खवण्याची खवणी ही सेरेटेड. खवणीला कोणी शार्प म्हटले तर ते खोटे ठरणार नाही, पण वर्णन अपुरे राहील.

धार लावण्याच्या क्रियापदांतही असाच विवेक राखावा लागतो. 'शार्पन' हे सर्वसामान्य; पेन्सिलीला टोक काढणेही त्यात आले. 'ग्राइंड' म्हणजे चाकावर घासून धातू उतरविणे. 'होन' म्हणजे बारीक दगडावर शेवटची सफाई देणे. 'स्ट्रॉप' म्हणजे न्हाव्याने वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजणे. 'व्हेट' म्हणजे सहाणेवर पाजविणे, परंतु आज हे क्रियापद बहुधा भुकेपुरते आणि जिज्ञासेपुरते उरले आहे. म्हणून कौशल्य 'होन' करावे, भूक 'व्हेट' करावी, आणि बुद्धी 'शार्पन' करावी. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला आणि ज्यात बरोबरीचे चिन्ह प्रथम छापले गेले, त्याचे नाव 'द व्हेटस्टोन ऑफ विट', म्हणजे बुद्धीची सहाण, असे आहे. त्या काळी 'व्हेट' चा अंमल आजच्याहून विस्तृत होता, याची साक्ष त्या नावातच मिळते.

इंद्रिये आणि बुद्धी

डोळा 'शार्प' असतो, 'कीन' असतो. श्रवणशक्ती बहुधा 'अक्यूट' असते, आणि कुत्र्याचे घ्राणेंद्रिय 'कीन' असते. हे वापर एकमेकांत मिसळतात आणि त्यांवरून फारसा तंटा होत नाही. नामाच्या बाबतीत मात्र शास्त्राने निवड करून ठेवली आहे : नेत्रवैद्य दृष्टीची जी पारख करतो तिला 'ॲक्युइटी' हेच नाव आहे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता सहा मीटरांवरून वाचावयास लावून ती मोजली जाते. छायाचित्राला मात्र शार्पच म्हणावयाचे. तेथे अर्थ 'रेखीव, सुस्पष्ट' असा होतो.

खरी मेख बुद्धीच्या वर्णनात आहे, कारण तेथे शब्दाबरोबर चारित्र्याचा दाखलाही नकळत लिहिला जातो. समजा, एखाद्या प्राध्यापकास आपल्या विद्यार्थ्याविषयी परदेशातील विद्यापीठाकडे शिफारसपत्र धाडावयाचे आहे आणि मनातील वाक्य असे आहे : 'हा मुलगा बुद्धीने फार तीक्ष्ण आहे.' त्याने 'शार्प' लिहिले तर मुलगा चलाख आहे, चटकन समजतो, त्याला फसविणे सोपे नाही, असा बोध होईल. शब्द थोडा बोलीतला आहे, पण निरुपद्रवी आहे. त्याने 'अ कीन स्टुडंट' लिहिले तर वाचणारा समजेल की मुलगा उत्साही आहे, मन लावून शिकतो; बुद्धीबद्दल त्यात एक अक्षरही आले नाही. बुद्धीच सांगावयाची तर विशेषण विद्यार्थ्यावरून उचलून बुद्धीवर ठेवावे आणि 'अ कीन इंटेलेक्ट' लिहावे. तेवढ्या स्थलांतराने अर्थ पालटतो. 'अक्यूट' हा सुद्धा बुद्धीला, निरीक्षणाला किंवा निरीक्षकाला लावावा. जो दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतील सूक्ष्म भेद टिपतो त्याची बुद्धी अक्यूट. नुसत्या विद्यार्थ्याला अक्यूट म्हटले तर इंग्रज वाचक क्षणभर त्याला कसला आजार झाला आहे अशा विचारात पडेल. 'पेनिट्रेटिंग' हे प्रश्नाला आणि दृष्टीला शोभते, कारण ते पृष्ठभाग भेदून आत जाण्याची क्रिया सांगते.

राहिले 'अस्ट्यूट' आणि 'श्रूड'. दोन्हींत माणसांची आणि प्रसंगांची अचूक पारख अभिप्रेत आहे. मुत्सद्दी, सेनानी, संपादक, पेढीचा चालक यांच्यासाठी हे शब्द आहेत. 'अस्ट्यूट' मध्ये दूरदृष्टी अधिक, 'श्रूड' मध्ये व्यवहार आणि हिशेब अधिक. 'श्रूड' चा पूर्वेतिहासही ध्यानात असावा : मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'दुष्ट, खोडसाळ' असा होता, आणि कजाग बाईला जो 'श्रू' शब्द लावीत त्याच्याशीच त्याचे नाते आहे. आज तो बहुतांशी प्रशंसेचा शब्द झाला आहे, आणि 'अ श्रूड इन्व्हेस्टर' म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही. पण वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात तो पडला की 'हा मुलगा आपला फायदा बरोबर ओळखतो' असा वास येतो, आणि शिफारस करणाराने जणू अर्धा इशाराच दिला असे होते. याच मुलखातील 'ॲक्युमेन' हे नाम मात्र निर्धास्तपणे वापरावे. व्यापारातील वा कायद्यातील मार्मिक जाण त्याने सांगितली जाते आणि त्यात कुटिलतेचा संशय नाही.

वाणी आणि लेखणी

वाणीच्या तीक्ष्णतेत दुसरा प्रश्न, म्हणजे क्रियेचा प्रश्न, सर्वाधिक उपयोगी पडतो. कारण या शब्दांच्या मुळाशी कापणे, टोचणे, चावणे आणि जाळणे या क्रिया शाबूत आहेत, आणि अर्थांतील भेद बहुधा त्यांच्याच अंगाने गेलेला आहे. नगरपालिकेच्या सभेत पाणीपुरवठ्याच्या जमाखर्चावर एका सभासदाने केलेल्या भाषणाचा वृत्तांत इंग्रजीत द्यावयाचा आहे, आणि टिपणात 'भाषण तीक्ष्ण होते' एवढेच लिहिलेले आहे, असे धरून चालू.

त्या सभासदाने पाल्हाळ न लावता ज्या कलमात रक्कम जुळत नव्हती त्याच कलमावर बोट ठेवले असेल, तर भाषण 'इन्सायसिव्ह' होते. हा शब्द आत कापत जाणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला, आणि पटाशीच्या दातांचे इंग्रजी नावही तेथूनच निघाले. त्यात कोणी दुखावले गेलेच पाहिजे असे नाही. ती शुद्ध प्रशंसा आहे. त्याने कारभाराच्या दोन धोरणांत स्पष्ट रेघ ओढून एका धोरणाचा जोरकस पाडाव केला असेल, तर भाषण 'ट्रेंचंट' होते. हा कापणे या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदाचा वंशज, आणि खंदकाला म्हणतात तो 'ट्रेंच' याच घराण्यातला; यात बारकाव्यापेक्षा आवेश अधिक, आणि टीका, मत, लेख यांना तो विशेष जुळतो. बोलणे एखाद्याच्या जिव्हारी लागले असेल तर ते 'कटिंग'. येथे तर्काची नव्हे तर दुखापतीची नोंद आहे. नाव न घेता, पण रोख कोणावर आहे हे सर्वांना कळेल अशा बेताने बोलणे झाले असेल तर ते 'पॉइंटेड'. वर गोड आणि आत अडकणारा आकडा असा खोचक शेरा असेल तर तो 'बार्ब्ड'.

चावणाऱ्या शब्दांत 'बायटिंग' देशी आणि 'मॉर्डंट' लॅटिन घराण्याचा. बायटिंग उपहास झोंबतो; मॉर्डंट विनोदात एक काळवंडलेली कडवट छटा असते, आणि मृत्यू, पराभव, ढोंग असे विषय त्याला मानवतात. कापड रंगविण्याच्या धंद्यातही 'मॉर्डंट' हीच संज्ञा आहे : तुरटीसारखे जे द्रव्य रंगाला कापडात पकडून धरते, ते मॉर्डंट, तेथेही चावून धरणे ही मूळ कल्पना कायम आहे. जाळणाऱ्या शब्दांत 'कॉस्टिक' प्रमुख. ग्रीक भाषेतील जाळण्याच्या क्रियापदापासून तो आला, आणि साबणाच्या कारखान्यातील कॉस्टिक सोडा ज्याने हाताळला आहे त्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. कॉस्टिक शेऱ्यात तुच्छता असते. 'स्केदिंग' मध्ये विनोदाला जागाच नाही. चौकशी समितीने एखाद्या खात्याच्या गलथानपणावर निर्भीड ताशेरे ओढले तर अहवाल स्केदिंग होता असे लिहावे. आणि 'सार्कॅस्टिक' म्हणजे उपरोधिक. बोलण्याचा शब्दार्थ एक आणि रोख उलटा असेल तेव्हाच तो योजावा. उघड रागाच्या बोलण्याला सार्कॅस्टिक म्हणण्याची आपल्याकडील प्रथा टाकून द्यावी हे बरे.

नुसता स्वर कडक होता, यापलीकडे काहीच ठाऊक नसेल तर वार्ताहराने 'शार्प' लिहून थांबावे. जे पाहिले नाही त्याची ग्वाही विशेषणाने देऊ नये.

वेदना, थंडी आणि चव

वैद्याकडे आपली तक्रार सांगताना होणारा घोटाळा सर्वांत महागात पडू शकतो, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. 'शार्प पेन' हे वेदनेच्या जातीचे वर्णन आहे : सुरी खुपसावी तशी कळ, तिच्या उलट 'डल एक', म्हणजे मंद, रेंगाळणारे दुखणे. 'अक्यूट' हा वैद्यकात काळाचा वाचक आहे : अचानक उद्भवलेला आणि थोड्या मुदतीचा विकार तो अक्यूट, आणि त्याच्या उलट जुनाट तो 'क्रॉनिक'. डॉक्टरांच्या कागदावर 'अक्यूट' पाहून घरची मंडळी 'फार गंभीर आहे' असे समजून हवालदिल होतात. साधी सर्दीसुद्धा शास्त्राच्या भाषेत अक्यूटच असते. मराठीत वेदनेचे शब्द विपुल आहेत आणि त्यांना इंग्रजीत बहुधा नेमके जोडीदार मिळतात : खुपसल्यासारखी कळ ती 'स्टॅबिंग', पाठीतून पायात उतरणारी सणक ती 'शूटिंग', गळवाचा ठणका तो 'थ्रॉबिंग', जळजळ ती 'बर्निंग', आणि टोचणी ती 'प्रिकिंग'. यांपैकी एक नेमका शब्द सांगितल्याने तपासणाराला जी दिशा मिळते, ती 'सिव्हियर पेन' दहा वेळा म्हटल्याने मिळत नाही.

मनाच्या वेदनेसाठी 'पॉइन्यंट' राखून ठेवावा. टोचणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे आला. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स' मध्ये एका खवय्या जमीनदाराच्या सॉसला हे विशेषण लावले आहे, म्हणजे त्या काळी ते जिभेचेही होते. आज मात्र त्याचा अर्थ हृदयाला चटका लावणारा, करुण असा झाला आहे : आठवण पॉइन्यंट असते, निरोपाचा प्रसंग पॉइन्यंट असतो. झणझणीत अग्रलेखाला तो लावला की लेखकाने वाचकांना रडविले असा अर्थ होतो. त्याच क्रियापदाचे दुसरे अपत्य 'पंजंट'. ते नाकाचे आणि जिभेचे चाकर राहिले. कच्चा कांदा, लसूण, मोहरी, हिंग यांचा नाकात शिरणारा उग्रपणा तो पंजंट.

'तिखट' ला शार्प म्हणण्याची सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि ती चूक आहे. मिरचीचा तिखटपणा बोलण्यात 'हॉट'. मसाल्याची बहार ती 'स्पायसी'. आणि शास्त्रीय लेखनात मिरचीलाही पंजंट म्हणतात, कारण विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधिशास्त्रज्ञाने १९१२ साली तिखटपणा मोजण्याची जी रीत बसविली तिच्यापासून 'पंजन्सी' हीच संज्ञा रूढ आहे. चवीच्या संदर्भात 'शार्प' म्हणजे जिभेला चुरचुरणारा आंबटपणा : मुरविलेले चेडर चीज शार्प, हिरवे सफरचंद शार्प. कैरीसारखा रुचकर आंबटपणा तो 'टार्ट', आणि हा शब्द तुटक, आंबट उत्तरालाही लागतो. फोडणीत मिरची करपून घरभर ठसका उठतो तो धूर 'ॲक्रिड'. थंडीला 'बायटिंग' आणि 'पिअर्सिंग' हे दोन्ही चालतात; वाऱ्याला 'कीन' ही चालतो.

जेथे शार्पच हवा

काही मुलूख असे आहेत की तेथे शार्पची जागा त्याच्या भाऊबंदांना घेता येत नाही. घाटातील ज्या वळणावर आपल्याकडे 'अवघड वळण' अशी पाटी असते ते 'शार्प बेंड'. भावांची एकाएकी झालेली चढउतार ती 'शार्प राइझ' किंवा 'शार्प फॉल'. दोन गोष्टींतील ठळक विरोध तो 'शार्प कॉन्ट्रास्ट'. याउलट टंचाई, पेचप्रसंग आणि गरज यांना 'अक्यूट' लागतो, आणि स्पर्धेला 'कीन'. वेळ सांगताना 'टेन ओ'क्लॉक शार्प' म्हणजे ठीक दहा वाजता. येथे शब्द वेळेच्या मागून येतो, पुढे नव्हे. संगीतात शार्प म्हणजे अर्ध्या स्वराने चढविलेला सूर. पेटीवाले ज्याला काळी एक म्हणतात तो पाश्चात्त्य लेखनात सी-शार्प. पण गवयाला उद्देशून 'शार्प गातो' म्हटले तर ती तक्रार आहे. सूर चढा लागतो, असा तिचा अर्थ.

नीतीच्या मुलखात तर शार्प सरळ संशयित होतो. कायद्याच्या चौकटीत कसाबसा बसणारा पण सचोटीला सोडून केलेला व्यवहार तो 'शार्प प्रॅक्टिस'. वकिलाविषयी हे शब्द कोणी वापरले तर तो आरोप समजावा, गौरव नव्हे. कलकत्त्यात जन्मलेल्या थॅकरेने १८४७-४८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीतील हिकमती नायिकेचे आडनाव शार्प ठेवले, त्यात चलाखी आणि लबाडी या दोन्ही छटा त्याला साधता आल्या.

विरुद्धार्थी शब्दांतही तोच विवेक. 'ब्लंट' सुरी बोथट, पण ब्लंट मनुष्य स्पष्टवक्ता. 'डल' मूल मंद. आणि 'ऑब्ट्यूस' म्हणजे भूमितीत विशालकोन, व्यवहारात मात्र सांगूनही न समजणारा, किंवा समजून न समजल्यासारखे करणारा. शार्पच्या प्रत्येक अर्थाला त्याचा स्वतंत्र प्रतिपक्षी आहे, आणि अर्थ नक्की कोणता हे ठरत नसेल तेव्हा प्रतिपक्षी शोधून पाहणे ही एक चांगली कसोटी आहे.

निवडीची रीत

ज्यांना हे ज्ञान अंगी मुरवावयाचे आहे त्यांनी एक वही घालावी आणि तीत शब्दांची यादी न करता जोड्या टिपाव्यात : विशेषण आणि त्याच्या सोबत वाचनात आलेले नाम. चांगल्या इंग्रजी लेखनात 'ट्रेंचंट' कोणाच्या सोबतीने आला, 'अक्यूट' कोणाच्या, हे पाहिले की त्या शब्दाचा स्वभाव व्याख्येवाचून उमगू लागतो. दुसरे, मसुदा पुरा झाल्यावर प्रत्येक विशेषण काढून तेथे साधा 'शार्प' घालून वाचावे. अर्थ बदलला नाही तर पहिले विशेषण दिखाऊ होते, आणि अर्थ दुबळा झाला तर ते सार्थ होते. तिसरे, एक शब्द दोनदा येऊ नये एवढ्याच भीतीने दुसऱ्या वाक्यात पर्याय घालू नये. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी वापरकोशात या खोडीची चांगलीच हजेरी घेतली आहे, आणि ती योग्य आहे. शब्द बदलला की वाचक अर्थही बदलला असे धरतो, आणि तसे धरण्याचा त्याला हक्क आहे.

शेवटी, कोणता शब्द घ्यावा याविषयी शंका राहिली तर वाचकांनी साध्या शब्दाकडेच वळावे. 'शार्प' ने अर्थ थोडा ढोबळ राहतो, पण तो क्वचितच खोटा होतो. 'मॉर्डंट', 'पॉइन्यंट' आणि 'श्रूड' हे चुकीच्या जागी पडले तर सबंध मजकूर खोटा करतात. म्हणून शिफारसपत्र, फिर्याद, वृत्तांत किंवा वैद्याला सांगावयाची तक्रार असे ज्यावर कोणाचे हित अवलंबून आहे ते लिहिताना, ज्याच्या निवडीचे कारण एका वाक्यात सांगता येईल तोच शब्द कागदावर ठेवावा.